डांबराखालचे डोळे

३ डिसेंबर, मंगळवार
इंद्रलोकमधील सदनिका चिरंजीवांवर सोपवून आम्ही उभयता आज चौक या समुद्रकाठच्या गावी राहावयास आलो. सामान टेम्पोत चढविताना अभिनवने, या वयात कोळीवाड्यात कशाला, असे तीनदा विचारले. त्याची आई, अनसूया, तिन्ही वेळा नुसती हसली. छत्तीस वर्षे मराठी शिकविल्यानंतर एक पुस्तक लिहिण्याचा मला अधिकार आहे, आणि ते या किनाऱ्यावरील होड्यांविषयी असेल. घरमालकीण सुलूबाय बोलण्यात चोख आहे. दोन खोल्या, पश्चिमेस खिडकी. समोर बोंबील वाळत घातलेले बांबूचे मांडव, वाळू आणि पाणी. वास येतो खरा. अनसूयेने तो दोन तासांत आपलासा केला.

५ डिसेंबर, गुरुवार
सुलूबायने आज होडीच्या डोळ्यांची रीत सांगितली. नव्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन डोळे रंगवितात. नाळ समुद्राकडे करूनच त्यांतील काळी बुबुळे भरतात. त्या वेळी पुढे कोणीही उभे राहावयाचे नाही. होडी प्रथम ज्याला पाहते, त्याच्याच मागे लागते. माणसे गमावून परतलेल्या होडीचे डोळे मात्र डांबराने बुजवितात आणि तिची पाठ पाण्याकडे करतात. अशी एक होडी मांडवांपलीकडे आहे. बावीस वर्षांपूर्वी ती पाच जणांना घेऊन गेली व रिकामी परतली. सुलूबायचा नवरा त्या पाचांतील एक. मी सर्व टिपून घेतले.

७ डिसेंबर, शनिवार
पुस्तकाला छायाचित्र हवेच. भर दुपारी, गाव जेवून लवंडले असता, त्या होडीच्या बाजूस उभे राहून उजव्या डोळ्यावरील डांबर सुरीने खरवडले. खालचा रंग काल दिल्यासारखा ताजा निघाला. आकाराचा अंदाज यावा म्हणून अनसूयेला नाळेपुढे उभे केले. ती म्हणाली, “अहो, आटपा लवकर. ही माझ्याकडे टक लावून बघतेय.”
लाकूड टक लावत नसते, असे मी तिला सांगितले.

९ डिसेंबर
होडीची नाळ आज आमच्या खिडकीकडे आहे. काल ती चर्चच्या वाटेकडे होती. वाळूवर ओरखडा नाही. भरती तेथवर पोहोचत नाही. खिडकीपासून अंतर सत्तेचाळीस पावले.
अनसूया पायरीवर सुलूबायचे फाटके जाळे विणत बसली होती. तिला साधे बटण लावण्याचाही कंटाळा. हे कोणी शिकविले, असे विचारता, हात न थांबविता म्हणाली, की ओहोटीबरोबर निघायचे आहे.

११ डिसेंबर
सुलूबायला सर्व सांगितले. ती रागावली नाही. पुढे कोण उभे होते, एवढेच तिने विचारले, आणि ऐकून वाळूत खाली बसली.
“मास्तर, डोले दर्याला दावायचे. तुमी बायकोला दावले.”
तिने स्वतः डांबर तापवून त्या डोळ्यावर फासले. ते ओघळून गेले. डोळा ओला आहे, पुसला तरी ओलाच. दुसरा काही उपाय असेल, असे मी म्हणालो. न्हाय, म्हणाली, आणि घरात गेली.

१२ डिसेंबर
अनसूयेला रिक्षात घालून इंद्रलोकला निघालो. ज्या वळणावर समुद्र दृष्टीआड होतो, तेथे तिचा श्वास थांबला. तोंड उघडे, ओठ निळे. पाण्याबाहेर काढलेली मासळी जशी. रिक्षावाला घाबरून मागे वळला. पाणी दिसताच तिने श्वास घेतला.
दुपारी अभिनवने रुग्णवाहिका आणली. तेच वळण. तेच झाले. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसे उत्तम आहेत.

१४ डिसेंबर
एकोणीस पावले.
आज तासभर मी स्वतः त्या डोळ्यासमोर उभा राहिलो. अपराध माझा आहे, मला ने, असे मोठ्याने म्हणालो. तो माझ्यावरून पलीकडे पाहतो. घराकडे.

१५ डिसेंबर
सहा. गावातील माणसे दोर लावून ओढावयास आली होती. आठ जण. होडी तसूभर हलली नाही — नंतर कोणी आले नाही. त्यांना दोष कसा द्यावा.
अनसूया प्रेमाने सांगत होती. रक्तदाबाच्या गोळ्या डाव्या खणात. लोणच्याला ओला चमचा लावू नका. अभिनवला रागावू नका. मी हो म्हणत राहिलो.

१६ डिसेंबर, सकाळी अकरा
खिडकीतून समुद्र दिसत नाही. लाकूड दिसते.
अभिनवचा फोन — चौकला उतरला आहे, पाच मिनिटे. तिचे मनगट डाव्या हातात घट्ट धरले आहे, उजव्याने लिहितो. लिहीत राहिलो तर ती बसून राहील असे —
उठली.
बस म्हणालो. विनवले. बाहेर वाळू कोरडी, आणि उंबऱ्यावर पाणी. तिचा हात ओला होत आहे. सोडलेला नाही. मनगट आहे अजून, आहे, आता बोटे — दोन बोटे —
अनसूये, जरा थांब, तो येतच