अमलला कुणी सांगायचं?

९ जानेवारी २०१६

नळाला आजही पाणी नाही! टाकी ठणठणीत. अमल जिन्यात उभी, एका हातात रिकामी बादली, दुसरा पोटावर. "मा? मा?" तिच्या अरबीत पाण्याला 'मा' म्हणतात. नवीन होती तेव्हा मला वाटायचं, मलाच हाक मारती. मी आपली ओ देत बसायची!

हसू येतं, पण घोरही लागतो. तिला आठवा लागलाय. नवरा यासिर दिवसभर विद्यापीठात, त्याची पीएच.डी. कधी संपायची कोण जाणे. लेक रीम शाळेत. ही एकटी वर. माझ्या वरच्या मजल्यावर राहायला आले त्याला वर्ष होऊन गेलं, तरी आमच्या या बेगमपुऱ्याची अजून भीतीच वाटते तिला. दूधवाल्यानं कडी वाजवली तर दार उघडत नाही. गॅसवाला आला तर न्हाणीत जाऊन बसली.

तिकडं यमनमध्ये लढाई. आई तिकडंच, ताइझ म्हणून गाव आहे तिथं. परत जावं तर विमानं बंद. राहावं तर कागद घेऊन पोलिसांच्या कचेरीत खेटे. पोरीनं जीव रमवावा तरी कशात?

१२ जानेवारी

अमल आज आपणहून खाली आली! ओट्यावर मी मेथीदाणे भिजत घातले होते. बघून डोळे असे चमकले — "हुलबा! हुलबा!" वाटून घेतले अन् हातानं फेटत बसली. पांढराशुभ्र फेस, लोण्यासारखा. कालवणावर घालतात म्हणे त्यांच्यात. मी बाजरीच्या भाकरीसंगं खाल्ला. बरा लागला की! मग तिला भाकरी थापायची हौस आली. भाकरी तव्यापर्यंत पोचलीच नाही. दोघी पोट धरधरून हसलो.

शेजारच्या सारजाबाई भिंतीवरून — "पाकिस्तानच्या हैत का गं?" म्हणलं, नाय, यमनच्या. "ते कुठं आलं?" आता मला तरी कुठं ठाऊक! जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण नकाशात यमनवर कधी बोट ठेवलं नाही.

१९ जानेवारी

संध्याकाळी यासिर खाली आला. चपला काढल्या अन् उभाच राहिला. "अम्मा, दरवाजा बंद करूं?"

अमलची आई गेली. घरावर गोळा पडला. यासिरच्या बहिणीनं त्याला फोनवर सांगितलं.

"अमल को नहीं मालूम. डॉक्टर बोला, बीपी हाय है. बच्चा हो जाए, फिर मैं बोलूंगा. आप भी मत बोलना. कसम."

मी मान हलवली. कशाला हलवली!

२० जानेवारी

वर पाऊल वाजलं तरी धस्स होतं.

२३ जानेवारी

कसं लिहू.

अमल फोन घेऊन आली. ती रोज आईला आपला आवाज भरून पाठवती. उत्तर येत नाही. "अम्मी का नेट खराब," म्हणाली. मग फोन माझ्या तोंडापाशी धरला. "आप. आप सलाम बोलो अम्मी को." बटण दाबून धरलेलं, नजर माझ्यावर. काय करायचं माणसानं?

बोलले. "सलाम, ताई. अमल बरी आहे. तुम्ही काळजी करू नका, मी आहे इथं."

मेलेल्या बाईला सांगितलं — काळजी करू नका! अमल खूश. गालाचा मुका घेऊन वर गेली. मी तोंड धुतलं. परत धुतलं.

२४ जानेवारी

बद्री पोटात होता तेव्हा मी गंगापूरला सासरी. आई पाचोडला वारली. मालकांनी अन् सासूबाईंनी मला कळूच दिलं नाही — पोटुशी बाई, धक्का नको. मी आपली वाट बघतेय, आई बाळंतपणाला न्यायला का येत नाही? बद्री झाला, तरी येईना. तेव्हा म्हणलं, आता आली तरी तोंड बघणार नाही तिचं. बारसं झाल्यावर सांगितलं मला.

मेलेल्या आईवर रुसून बसले होते मी!

मालक भला माणूस. माझ्या जिवासाठीच केलं त्यांनी. पुढं सगळा संसार केला, त्यांचं दुखणंखुपणं काढलं. पण ते गेले तरी ही एक गोष्ट काही मनातून गेली नाही.

आज यासिरला म्हणलं, सांग तिला. मी जवळ बसते. तो हातच जोडायला लागला. "उसको कुछ हो गया तो यहाँ मेरा कौन है, अम्मा?"

खरंय त्याचं. त्याचंही खरंय!

२७ जानेवारी

सांगितलं मी.

दुपारी आली ती रडतच. फोन गादीवर आपटला. "अम्मी गुस्सा. लड़ाई हुई, मैं नहीं गई. इसलिए बात नहीं करती." मग डोळे पुसून — "मैं भी नहीं करूंगी. कभी नहीं!"

माझ्याच्यानं राहवलंच नाही. तिचे दोन्ही हात धरले. "अम्मी गुस्सा नहीं, बेटा. अम्मी नहीं." कळेना तिला. "नहीं?" "घर पे बम गिरा. अम्मी नहीं रही." माझी हिंदी मोडकी, तिची त्याहून मोडकी. पण कळलं. माझ्या मांडीवर डोकं टेकलं. मग जी ओरडली —

यासिर आला. म्हणाला, "आप ने कसम तोड़ी." एवढंच. तिला धरून वर घेऊन गेला.

२८ जानेवारी

सकाळी कळा सुरू झाल्या. आठव्यातच! मी रिक्षापाशी धावले, तर यासिरनं आत बसू दिलं नाही. रीमचा हात माझ्या हातात दिला अन् गेला. पोर विचारती, "आजी, अम्मीला काय झालं?" सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही म्हणतात. शाळेत असल्या गोष्टींना खुळचटपणा म्हणायची मी. आज तेच डोक्यात घुमतंय.

देवा, काय करून बसले मी!

२९ जानेवारी

मुलगा. मूठभर जीव. काचेत ठेवलाय. अमल शुद्धीवर आहे, पण बीपी उतरत नाही.

सारजाबाई म्हणाल्या, "तुला काय गरज होती गं?"

५ फेब्रुवारी

तिघं घरी आले. बाळ दूध ओढतंय! जिन्याशी उभी होते. अमल माझ्याकडं न बघता वर गेली. मेथीचे लाडू करून डबा दाराशी ठेवला. संध्याकाळी डबा तिथंच, झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

डबा दिसत नाही दाराशी. आत घेतला का फेकला?

१६ फेब्रुवारी

रीमनं धुतलेला डबा आणून दिला. "अम्मी म्हणली, लई कडू." मग हळूच — "पण सगळे खाल्ले."

२१ फेब्रुवारी

अमल खाली आली. बाळ माझ्या मांडीवर ठेवलं अन् बोलायला लागली — अरबीत, धो धो. मला एक अक्षर कळलं नाही. 'उम्मी' तेवढं कळायचं. रडायची, मधेच हसायची, हातानं काही दाखवायची. आई कशी चालायची ते असावं. दुपार सरली. मी आपली व्हय व्हय म्हणत राहिले.

यासिर अजून बोलत नाही. सलाम अन् मान खाली.

४ मार्च

अमल धावत खाली आली, पांढरीफटक, हातात फोन. यासिरच्या बहिणीचा फोन होता, तो उचलेना म्हणून हिला केला. "यासिर का अब्बा," म्हणाली. "अब्बा नहीं रहा." म्हणलं, मग सांग त्याला. तिनं नाही म्हणून मान हलवली अन् माझं मनगट घट्ट धरलं. "आप बोलो. आप छुपाता नहीं."

हे लिहितेय अन् ती समोर बसलीय. फाटक वाजलं. आला.