शिळी हवा

५ फेब्रुवारी १९८९, रावेर

सकाळी धुळ्याहून निघालो, दुपारी तीनला चुडामणभाऊंच्या केळीच्या बागेत पोचलो. एस.टी.त यंत्र मांडीवर धरून बसलो होतो, धोतराच्या चार घड्यांत गुंडाळलेलं. शेजारच्याने विचारलं, देव आहे का? म्हटलं, तसंच समजा.

लाकडी पाटीवर दोन काचनळ्या. एक पारा कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला मलमलीची ओली वात. हवा कोरडी असली की वातीचं पाणी उडतं आणि ओला पारा खाली उतरतो. दोघांतला फरक जेवढा मोठा, तेवढी हवा कोरडी. कापडगिरणीत बावीस वर्षं मी हा फरक सांभाळला. हवेत ओल नसली तर सूत तुटतं. साहेब लोक बदलले, आकडा बदलला नाही. शिक्षण सातवी, बाकी सगळं डोळ्यांनी शिकलो.

आता सुताऐवजी धिंगरी अळिंबी. केळीचा वाळलेला पाला कुट्टी करून, वाफवून पिशव्यांत भरायचा, त्यात बियाणं पेरायचं आणि पिशव्या टांगायच्या. पिकाला पंचवीस-सव्वीस अंश उष्णता आणि भरपूर ओल लागते. रावेरच्या उन्हाळ्यात! भाऊ म्हणाले, मास्तर, लोक मला येडा म्हणून राहिले. मी म्हटलं, मे महिन्यात पुन्हा विचारा.

मला मास्तर म्हणाले. बरं वाटलं.

निघताना वच्छलाबाईने ऐकवलंच होतं, "घरमा माठ रिकामा शे, आनी तुम्ही लोकेसन्या भिंतीसले पानी पाजाले चालनात!" बायकोला यंत्र कळत नाही.

१२ फेब्रुवारी

खोली पूर्वी केळी पिकवायची होती. अठरा फूट बाय बारा, दीड फुटाच्या भिंती, आंब्याच्या फळ्यांचं एकच दार, कडी बाहेरून. वर दोन झरोके. आतून चारी भिंतींना पोती टांगली. दिवसातून तीनदा पोती भिजवायची, फवारणीच्या पंपाने हवेत तुषार सोडायचे.

हे काम दिवालीबाईकडे आहे. सातपुड्याच्या पायथ्याची बाई, चाळिशीची, पाठीवर पंप असला तरी ताठ चालते. नवरा कुवरसिंग इथेच राखणदार. मी पारा वाचताना दोघं मागे उभी राहून बघतात. ती नवऱ्याला म्हणाली, मास्तर काचेला ताप किती ते विचारतो, मला कधी विचारत नाही. कुवरसिंग खूप हसला. मीही हसलो.

नोंदवही आखली. रकाने: वेळ, कोरडा, ओला, फरक, पाण्याच्या बादल्या, आणि शेवटचा: दार, उघडे की बंद. हा रकाना माझा स्वतःचा. शेतकी खात्याच्या अळिंबी-पुस्तिकेत नाही.

आज बाहेर कोरडा ३१, ओला १८. आत २६ आणि २४. भाऊंनी आत पाऊल टाकलं आणि म्हणाले, अरे, महाबळेश्वर!

७ मार्च

पहिला तोडा! पांढरेशुभ्र घोस. दांड्या वीतभर लांब, माना दाराकडे कललेल्या, टोप्या बारीक. इतक्या लांब दांड्या पुस्तिकेच्या चित्रातसुद्धा नाहीत. भाऊंनी तालुक्यात टोपली फिरवली.

पुस्तिकेत लिहिलंय, झरोके दोन वेळा उघडून ताजी हवा द्यावी. लिहिणाऱ्याने रावेरची हवा पाहिलेली नाही. झरोका उघडला की दहा मिनिटांत फरक पाचावर जातो. ती ओळ पेन्सिलीने खोडली आणि दोन्ही झरोके चिखलाने लिंपून घेतले.

दिवालीबाई खोकते. म्हणते, "मास्तर, अंदरनी हवा शिळी शे." हवा शिळी कशी होईल? हवा काय भाकर आहे? तसं म्हटलं तर पंप पाठीवर घेऊन पुन्हा आत गेली. टोप्यांखालून बारीक पांढरी भुकटी उडते, ती तिच्या केसांवर बसलेली असते.

२८ मार्च

बाहेर ४१. दुपारी चारची फवारणी सगळ्यांत कठीण. ही बाई दर पाच मिनिटांनी दार उघडून उंबऱ्यात उभी राहते, तोंडाला पदर लावून. तेवढ्यात माझा फरक दोनाचा चार होतो. तीन दिवस समजावलं.

आजपासून ती आत गेली की मी बाहेरून कडी घालतो. घड्याळ लावून अर्धा तास. फरक दीडवर स्थिर. सुंदर आकडा.

भाऊंनी पाहिलं आणि म्हणाले, "काय मास्तर, कोंबडी झाकली का डालीखाली?" मी त्यांना आकडा दाखवला. त्यांनी मान हलवली आणि गेले. कुवरसिंग त्या वेळी केळीला पाण्याची पाळी द्यायला बागेच्या पलीकडच्या टोकाला असतो. त्याला सांगायचं कारण पडलं नाही.

११ एप्रिल

आज पाहणी झाली. तालुक्यातले नऊ बागायतदार आणि शेतकी खात्याचे एक साहेब. चिंचेखाली खुर्च्या मांडल्या. मी उभा राहून बोललो. साहेबांनी पदवी विचारली; म्हटलं, गिरणी. सगळे हसले, पण आदराने. साहेबांनी माझे आकडे वहीत उतरून घेतले. बाहेर ४२, आत २६. कोरडा, ओला, फरक, सगळं तोंडपाठ सांगितलं. पावणेदोन तास कसे गेले कळलं नाही.

दिवालीबाईला खोलीत घेरी आली. भाऊंच्या जीपने तिला जळगावला नेलं आहे.

नोंदवही भरली.

१४ एप्रिल

ती पहाटे गेली. शुद्धीवर आलीच नाही. डॉक्टर म्हणाले, छाती आधीपासून धरलेली होती, त्यात उष्मा. भाऊंनी मला ते दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

संध्याकाळी कुवरसिंग आला. त्याला वाचता येत नाही. म्हणाला, मास्तर, तुमच्या वहीत सगळं लिहिलेलं असतं. त्या दिवशी दार कसं होतं, ते वाचून दाखवा. लोक काहीबाही बोलतात. वहीत असेल तेच मी खरं मानीन.

मी वही उघडली. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि वाचलं: उघडे.

त्याने त्या अक्षरावरून अंगठा फिरवला आणि माझ्या पायाला हात लावून गेला.

१५ एप्रिल

वहीत नाही, निदान इथे लिहितो.

चार वाजून पाच मिनिटांनी मी कडी घातली. पाहुणे पावणेपाचला यायचे होते, ते सव्वाचारलाच आले. मी बोलायला लागलो. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. एका बागायतदाराने मान वळवली. मी म्हटलं, पंपाचा दट्ट्या आहे. मग पुन्हा थापा. दोन, तीन. मी आवाज चढवला. दार उघडलं असतं तर सगळ्यांसमोर कडी दिसली असती, आणि ती धापा टाकत बाहेर आली असती, माझ्या महाबळेश्वरातून. म्हणून मी मोठ्याने आकडे सांगत राहिलो. थापा थांबल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हो. बरं वाटलं.

मंडळी गेल्यावर, सहाला, कडी काढली.

वहीत ‘बंद’ लिहिलेलं होतं. रबराने खोडून ‘उघडे’ लिहिलं. कागद तिथे पातळ झालाय. कुवरसिंगचा अंगठा नेमका तिथेच थांबला होता.

२३ एप्रिल

पिशव्या काढून जाळल्या. पोती उन्हात वाळवून परत टांगली. पाणी बंद. यंत्र मात्र आत भिंतीला आहे. पुस्तिका पुन्हा वाचली. मी खोडलेल्या ओळीखाली छापलंय: ताजी हवा न मिळाल्यास दांडे लांबट व टोप्या लहान राहतात. वीतभर दांड्या, दाराकडे कललेल्या माना. टोपलीत घालून तालुकाभर दाखवल्या आम्ही.

रिकाम्या खोलीत सकाळी कोरडा ३२, ओला २१. असायला हवं तसंच.

चारनंतर सहज पाहिलं. कोरडा ३०. ओला २७.

२४ एप्रिल

चूक माझीच असणार. वात वाळली तर दोन्ही पारे सारखे दिसतात. वात बघितली, ओली आहे. वातीच्या पाण्याची बाटली बदलली. भिंती चाचपल्या, कोरड्या. जमीन कोरडी. चारच्या आधी फरक अकरा. चारनंतर उतरत उतरत सहाला दोन. मग पुन्हा वाढत जातो.

गिरणीत हिशेब माहीत होता. खात्यात माणसं वाढली की ओल वाढते. माणूस श्वासातून पाणी सोडतो.

२६ एप्रिल

दोन पंचावन्नपासून दाराशी बसून होतो. कोणी आत गेलं नाही. चार पाचला आतून खोकला ऐकू आला.

पंपाचा दट्ट्या नाही. पंप माझ्या मांडीवर होता.

२९ एप्रिल

दाराच्या आतल्या बाजूला, फळीवर, माझ्या छातीच्या उंचीला, धिंगरी उगवली आहे. कोरड्या फळीवर. बारीक बारीक टोप्यांचे दोन घोस, शेजारी शेजारी. प्रत्येकात पाच.

खरवडून काढले. ओंजळीत गरम लागले.

३० एप्रिल

पुन्हा पाच आणि पाच.

१ मे

पेचकस घेऊन कडीच काढून टाकली. चारही स्क्रू. विहिरीत फेकली, बुडालेली पाहिली. आता हे दार बाहेरून बंद होऊच शकत नाही.

धुळ्याला जायला पिशवी भरली होती. फाटकावर कुवरसिंगने रामराम केला. म्हणाला, मास्तर, तुम्ही आहात म्हणून या जागेवर राहवतं. मी परत फिरलो.

२ मे

भाऊ संध्याकाळी खोलीत येऊन गेले. पाणी न मारता फरक दोन, हे बघून खूश. म्हणाले, तुमच्या हाताला काय जादू आहे मास्तर, बाहेर ४४ आणि इथं पाणीसुद्धा लागत नाही! पुन्हा पेरायचं म्हणतात. फवारणीला कुवरसिंगची भावजय, रुपली, परवापासून येईल. लहान मूल आहे तिला, दाराशी झोळी बांधून देऊ म्हणाले.

मी म्हटलं, खोली चांगली नाही. त्यांनी विचारलं, आकडा चांगला आहे ना? मग?

मग सांगायला एकच गोष्ट होती. जिभेवर आली होती. मी म्हटलं, हो, आकडा चांगला आहे.

३ मे

तिला थांबवायचं तर कुवरसिंगला खरं सांगायला हवं. दुपारी त्याच्या झोपडीपर्यंत गेलो. त्याने खाट झटकून दिली, पाणी दिलं. दिवालीबाईचं लुगडं दोरीवर वाळत होतं. म्हणाला, रुपली घाबरते, पण मी तिला सांगितलं, मास्तर दार उघडं ठेवतात, वहीत लिहिलंय.

पाणी प्यायलो. आलो.

उद्या तिच्याआधी मी स्वतः आत जाईन. अर्धा तास बसेन. काही नाही निघालं तर—

४ मे, चारला पाच कमी

आत आहे. दार सताड उघडं, विटा लावून. रुपली साडेचारला येणार. कोरडा ३१, ओला २०. सगळं नेहमीसारखं—

चार सहा

दार लागलं. विटा होत्या. दोन्ही बाजूंनी विटा होत्या—

कडी पडल्याचा आवाज झाला. कडी विहिरीत आहे.

विजेरी काखेत धरून लिहितोय. कोरडा ३१, ओला २६.

चार पंधरा

ओला २८. हवा जड आहे. जीभ चिकटते. शिळी. हीच ती चव. बाई बरोबर सांगत होती—

शेजारी कोणी तरी माझ्याबरोबर श्वास घेतंय. मी थांबलो तरी ते थांबत नाही.

चार वीस

बाहेर माणसं आली. देवा. चिंचेखाली खुर्च्या सरकल्याचा आवाज. हाक मारली. थापा मारल्या.

कोणी तरी बोलतंय. उभं राहून. बाहेर बेचाळीस, आत सव्वीस—

तो माझा आवाज आहे.

थाप मारली की तो मोठ्याने बोलतो. लोक हसतात. आदराने. पुन्हा मारली. तो आणखी मोठ्याने— पंपाचा दट्ट्या आहे म्हणाला—

ओला ३१. कोरडा ३१. फरक नाही. वात बघितली, ओली आहे. फळीवर पाच आणि पाच, त्यांच्यावर माझे तळवे नेमके बसतात.

कागद ओला झालाय. पेन्सिल उमटत नाही, दाबून लिहितो. रुपली येईल, तिला वाचता येत नाही, पण कोणीही वाचून दाखवा. कुवरसिंगला वाचून दाखवा. वहीतला शेवटचा रकाना खोटा. अकरा एप्रिल, दार उघडे नव्हते. मी थापा ऐकल्या. सगळ्या ऐकल्या. पाच वाजून दहापर्यंत ती मारत होती, मी मोजत होतो, बोलता बोलता मोजत होतो, एकूण

दार उघडे नव्हते, कडी मी