बांधलेला गठ्ठा फोडून मिळणेबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
प्राथमिक विभाग,
पहिला मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : इयत्ता दुसरी, हजेरी क्र. १७ हिच्या गणित चाचणीचा गठ्ठा फोडून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे वर्गबदलाचे पत्र.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज (दोन्ही परत आलेले).

महोदय,

मी हजेरी क्र. १७ हिची आई. मेणबत्त्यांच्या कारखान्याचे पाकीटकाम घरी आणून करते. माझा पहिला अर्ज विषय दोन ओळींचा झाला म्हणून परत आला. दुसरा परत आला तो त्यात राग दिसतो म्हणून. या वेळी विषय एका ओळीत बसवला आहे. रागाचे जमेल तेवढे बघते. तरीही कुठे दिसलाच तर तो माझा समजावा, मुलीचा समजू नये.

१. चाचणीत दहा गणिते होती. उत्तीर्ण होण्यास सात बरोबर लागतात. माझ्या मुलीची सहा आली. (घरी आम्ही तिला मुंगी म्हणतो. पुढेही तसेच लिहिते, कारण हजेरी क्रमांक लिहिला की मला माझी मुलगी डोळ्यासमोर येत नाही.) चार गणिते तिने कोरी सोडली. त्यावर आपले पत्र आले की, सदर विद्यार्थिनीचे आकलन कमी असून ती सूचनांचे पालन करत नाही, सबब सोळा तारखेपासून तिला दुसऱ्या इमारतीतील वेगळ्या वर्गात पाठवावे. तिथल्या बाई आणि मुले चांगलीच असतील, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि सात वर्षांच्या पोरीला एकटीला पाठवता येत नाही. मी सोडायला-आणायला गेले तर काम सुटते, न गेले तर शाळा सुटते. शिवाय आकलन कमी हा शिक्का तिच्या कागदावर राहतो तो वेगळाच.

२. चाचणीचा कागद मला एकदाच लांबून दाखवण्यात आला, पण मला गणिते पाठ आहेत. मुंगीची बेरजेची चारही बरोबर आहेत. २७ अधिक ३८ हे तिने ६५ केले. ४६ अधिक ५४ याचे १०० लिहून पुढे ‘पेटी झाली’ असे लिहिले, त्याबद्दल बाईंनी लाल रेघ मारली आहे. आमच्या कामात दहा मेणबत्त्यांचे एक पाकीट आणि दहा पाकिटांची एक पेटी, म्हणून तिने तसे लिहिले. ५८ वजा २३ आणि ७९ वजा ४५ हीही बरोबर. कोरी सोडली ती ४२ वजा ७, ५३ वजा ९, ३१ वजा १६ आणि ६० वजा २४. पोरीला वजाबाकी येते आणि तरी येत नाही, असे कसे? मी पंधरा दिवस विचार करत होते. सासूबाई म्हणाल्या, हट्टी आहे, दोन ठेवून दे, सगळं येईल. मी ठेवून दिले नाहीत, पण हट्टी आहे हे मलाही खरे वाटले, हे इथे कबूल करते.

३. वर्गातल्या बाईंचा दोष नाही. एका खोलीत बेचाळीस मुले आणि त्या एकट्या. तरी त्यांनी मुंगीला टेबलाजवळ घेऊन दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे दिले. चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. यातून मला सात दे, म्हणाल्या. मुंगीने दोन दिल्या आणि थांबली. गठ्ठा सोड, म्हणाल्या. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. तीनदा सांगून पाहिले. मग तिने उभ्या उभ्या फ्रॉक ओला केला. मुले हसली, आणि शेऱ्यात ‘सूचनांचे पालन करत नाही’ असे आले.

४. हे बाईंकडून ऐकल्यावर मी रविवारी सकाळी घरी तेच करून पाहिले. काड्या नाहीत म्हणून मेणबत्त्या घेतल्या. चार पाकिटे, दोन सुट्या. म्हटले, मला सात दे. तिने दोन दिल्या. म्हटले, अगं, पाकीट फोड की. तिचे हात मागे गेले आणि तिने पाहिले ते माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या उजव्या हाताकडे. साहेब, त्या क्षणी मला सगळे समजले. असे वाटले की धरणी पोटात घेईल तर बरे.

गेल्या वर्षी तिने एक चिकटवलेले पाकीट फोडले होते. खेळायला नाही. आत खरेच दहा आहेत का, हे तिला बघायचे होते. सगळे म्हणतात दहा, पण वरून तर एकच दिसते, असा तिचा प्रश्न होता. आता मला वाटते, किती चांगला प्रश्न होता. त्या दिवशी मुकादमाने फाटक्या कागदावरून पूर्ण पेटी परत केली होती आणि माझे डोके फिरले होते. मी तिला थोबाडीत मारली. चार बोटे उठली. वर बजावले की, बंद म्हणजे बंद. दहा झाले की ते एक. पुन्हा आत बघायचे नाही, फोडायचे तर अजिबातच नाही. पोरगी शहाणी. एकदा सांगितलेले तिने धरून ठेवले. म्हणून बेरीज आली, कारण बेरजेत पाकीट बांधायचे असते. आणि वजाबाकी अडली, कारण तिथे ते फोडायचे असते.

म्हणजे सूचनांचे पालन करत नाही हा शेरा चुकीचा आहे. तिने सूचनेचेच पालन केले. सूचना माझी होती, आणि चुकीची होती. शिक्षा द्यायची तर मला द्यावी. वेगळ्या इमारतीत मी जाते.

५. हे सांगायला मी सोमवारी आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर गेले. तेथील लिपिक भाऊंनी सांगितले की, फेरतपासणी फक्त लिहिलेल्या उत्तरांची होते, कोऱ्या जागेची होत नाही. मी म्हटले, मग तोंडी पुन्हा विचारा आणि त्याच कागदावर नोंद करा. ते म्हणाले, उत्तरपत्रिका दहा-दहाचे गठ्ठे करून लाख लावून ठेवल्या आहेत, कागद आता निघत नाही. मी म्हटले, गठ्ठा फोडा. ते म्हणाले, गठ्ठा एकदा बांधला की बांधला, बाई, तो फोडायचा नसतो, वरून ओरडा बसतो. महोदय, मी तिथेच कपाळाला हात लावला. पन्नाशीचे गृहस्थ, चष्मा लावलेले, आणि त्यांचेही हात पाठीमागे होते. त्यांना कोणी मारले असेल ते मला माहीत नाही.

माझ्याकडून मी केले ते असे. त्याच रविवारी मुंगीसमोर मी स्वतः एक पाकीट फोडले. ती रडायला लागली की, मुकादम परत पाठवेल. मी म्हटले, पाठवू दे. दुसरे फोडले. तिसरे फोडले. चौथ्याला ती म्हणाली, आई, पुरे, मी करते. सगळे पुन्हा मांडले, चार पाकिटे, दोन सुट्या. तिने नखाने कागद उचलला आणि माझ्या हाताकडे पाहिले. मी हात पदराखाली घेतला. मग तिने कागद फाडला, आधी आतल्या मेणबत्त्या दोनदा मोजल्या, दहा भरल्या तेव्हा हसली, आणि मग मला सात काढून दिल्या. उरल्या किती हे मी विचारलेसुद्धा नाही. तीच म्हणाली, पस्तीस. पाठोपाठ उरलेली तिन्ही केली. ६० वजा २४ ला एकही सुटी नव्हती, तरी अडली नाही.

त्यानंतर तिने मला एकच विचारले. शाळेतला गठ्ठा पण फोडू का, तिथे कोणी मारणार नाही ना? साहेब, घरापुरते मी तिला वचन दिले. शाळेपुरते देणे माझ्या हातात नाही, ते आपल्या हातात आहे. ती रोज सकाळी वेणी घालताना विचारते, आणि मी रोज म्हणते, साहेबांना पत्र लिहिले आहे.

तरी सोळा तारखेपूर्वी आपण स्वतः सदर गठ्ठा फोडावा आणि ती चार गणिते मुंगीला समोर बसवून विचारावीत. फोडताना तिला बघू द्यावे, एवढी मेहेरबानी व्हावी. आत दहाच कागद निघतील. पुन्हा बांधायचे झाल्यास मी येऊन बांधून देईन, माझा हात त्यात बसलेला आहे.

आपली नम्र,
(सही)
हजेरी क्र. १७ हिची आई

दिनांक : १२, शुक्रवार

सोबत :
१) वर्गबदलाच्या पत्राची प्रत.
२) परत आलेले अर्ज, दोन.
३) मेणबत्तीच्या पाकिटाचा कागद, एक. मुलीने स्वतः फाडलेला. कड वाकडी आहे, कारण ती फाडताना घाबरलेली होती.