गायरानाचा ठराव

ती. माय,

तुझी शिवकन्या लांबूनच तुझ्या पाया पडते. आमी समदे खुशाल हावोत. फोनवर सांगितलं असतं, पण तू रडतीस अन् मला बोलूच देत न्हाईस, म्हणून लिवते.

आमच्या सरपंचाला गावचं गायरान मेव्हण्याच्या खडी क्रशरला द्यायचं होतं. ते गेल्यावर मेंढरं चारायची कुठं? परवा ग्रामसभेत त्यानं ठराव वाचला अन् कुणालाच न विचारता म्हणाला, "एकमतानं मंजूर." समदे खाली माना घालून बसले. मी उठले, माय.

म्हणलं, "मत कुणाचं घेतलं? हात मोजा."

सरपंच गुरगुरला, "सिदूची बायको ना तू? नवऱ्याला बोलू दे."

तुझे जावई मागून म्हणाले, "तिचं मत तिचं हाय. माझंबी मोजा."

मग किराणा दुकानवाल्या बसम्मा काकूंनी हात वर केला. "माझा विरोध हाय." मग बाया उठल्या, मग गडी. ग्रामसेवकाला हात मोजावेच लागले अन् ठराव पडला.

कालपासून आमच्या गल्लीचा नळ बंद हाय. काळजी करू नको, काकू त्यांच्या बोअरचं पाणी देतात. पण आमी गप बसलो न्हाई. साऱ्या गल्लीनं सह्या करून पाण्यावर ग्रामसभा मागितली हाय.

अण्णांचा खोकला कमी हाय का? धाकट्या रोहिणीला अठरा पुरी झाली ना? तिचं नाव मतदार यादीत घाल. अन् माय, मला म्हणायचीस तसं तिला "पोरीच्या जातीनं गप बसावं" म्हणू नको.

तुझीच लेक,
शिवकन्या