लोखंडी पैलवानाचा हात

बाबा, तुझा आवाज आता मला नीट आठवत नाही. हात आठवतो. मालवण बंदराला लागलेल्या पडावांतून तांदळाची पोती उतरवून उतरवून तुझा तळवा असा खरखरीत झाला होता, की लहानपणी मला त्याच्यावर नारळाची कवड घासून बघावीशी वाटे. पंजा लढवण्यात बंदरावर तुझ्यासमोर कोणी टिकत नसे. पण समोरच्याचा हात तू शेवटी अलगद टेकवायचास. आईने एकदा विचारलं, तर म्हणालास, "माणूस थकलो की हातात कळता गो. मगे तेका दुखवूचा कित्याक?"

त्या वर्षी जत्रेत आपल्या खाज्यांच्या दुकानासमोर मुंबईच्या एका माणसाने तंबू ठोकला. आत 'लोखंडी पैलवान'. मी वीस वर्षांची, लग्न ठरलेली. पत्र्याचा देह, काचेचे डोळे, उजवा हात कोपरापासून टेबलावर उभा. कनातीमागे ऑइल इंजिन आणि तिथून त्याच्या पाठीत गेलेला पट्टा. आत माणूस लपलाय, असं लोक म्हणायला लागले, तेव्हा मालकाने छातीचं झाकण उघडून दाखवलं. चाकं होती, स्प्रिंगा होत्या, आणि बरीचशी रिकामी जागा. ती रिकामी जागा बघून मला कसंसंच झालं.

समुद्रातून जाळी ओढणारे तारकर्लीचे दोन रापणकार हरल्यावर लोकांनी तुला पुढे ढकललं. तू बसतोस. इंजिन सुरू होतं. बराच वेळ दोन्ही हात ताठ उभे. लोक ओरडत असतात, मग एकेक जण गप्प होतो, कारण तुझा चेहरा बदलत चाललाय आणि त्याचा नाही. तुझा हात टेबलाला टेकला. टेकल्यावरही तो दाबतच राहिला.

"हरले मा ते! सोड रे तेंका!" आई त्या पत्र्याच्या तोंडावर ओरडली. मालक इंजिनकडे धावला. पट्टा उतरेपर्यंत तुझ्या मनगटातून माडाचं सुकं चुडत मोडावं तसा आवाज आला होता.

हाड जुळलं, पण वाकडं. बंदर सुटलं. तू आईशेजारी बसून डाव्या हाताने खाजे गुळाच्या पाकात घोळायला लागलास. कोणी त्या दिवसाचं काढलं, तर एवढंच म्हणायचास, "तेका माझो राग नाय होतो. माया नाय, राग नाय, काय्येक नाय."

पुढच्या जत्रेला मी माहेरी आले होते. तंबू पुन्हा आला. भर दुपारी तू दुकानातून उठून आत गेलास. तू काहीतरी करून बसशील, या भीतीने मी मागोमाग आले. तुला ओळखून मालक उभाच राहिला.

"आज खेळ नाही, काका. इंजिन बिघडलंय."

"खेळ नको माका," तू म्हणालास.

तू त्याच्यासमोर बसलास आणि तुझा वाकडा हात मनगटासकट त्याच्या उघड्या पंजात ठेवलास. आजारी माणसाजवळ बसावं, तसा बसून राहिलास. बाहेर पोरं पिपाण्या वाजवत होती. आणि मग ती लोखंडी बोटं मिटायला लागली. पट्टा तर काढून कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला होता. मी किंचाळले.

"घाबरा नको गो बाय," तू हळूच म्हणालास. "जोर लायल्यान नाय."

मालकाने एकेक बोट उचकटून तुझा हात सोडवला. जुनी स्प्रिंग आहे, उकाड्याने सैल होते, असं तो पुटपुटत होता. दिवस मावळायच्या आत त्याने तंबू उतरवला. पुन्हा तो आपल्याकडे आला नाही. तुझ्या मनगटावर साधा वळही उठला नव्हता.

आता माझा नातू मला यंत्रमानवांची चित्रं दाखवतो. ते माणसापेक्षा किती जास्त उचलतात, कसे दमत नाहीत, ते सांगतो. मी तुझी गोष्ट सांगते, ती मनगट मोडलं तिथपर्यंतच. कधी पुढचं सांगावंच लागलं, तर स्प्रिंग होती म्हणते. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून तुला लिहिते. मिटता मिटता ती बोटं तुझ्या मोडलेल्या हाडापाशी आली आणि थांबली. मग तेवढी जागा सोडून मिटली. मी ते पाहिलं, बाबा.