घंटा थांबली की दार बंद

सोमवार, ४ मार्च
आलं एकदाचं! धुळीचं विधेयक खालच्या सभागृहात पास होऊन आमच्याकडे, वरच्या सभागृहात आलं. इथे मंजूर झालं की कायदा – धुळीने आजारी पडलेल्या कामगारांचे उपचार कारखान्याने करायचे. बायकोने अठरा वर्षं फरशीच्या कारखान्यात धूळ खाल्ली. आता जिना चढताना भिंत धरून उभी राहते. मालक हात झटकून मोकळा.

बुधवार, ६ मार्च
दिवसभर भाषणं. वरचं सभागृह म्हणे शांतपणे फेरविचार करायला असतं. कसला फेरविचार, निम्मे पेंगत होते! मी दारावरचा शिपाई, मला सगळं दिसतं. दोन्ही बाजू जवळपास सारख्या. पण सभासदांतले डॉक्टर आपले आहेत. निवडून यायच्या आधी कारखान्यात येऊन त्यांनी बायकोची छाती तपासली होती. ‘माझं मत तुमचंच,’ म्हणाले होते. ती अजून तेच धरून बसली आहे.

गुरुवार, ७ मार्च
पडलं.

मतदानाची घंटा दोन मिनिटं वाजते. थांबली की दार बंद, मग कोणीही येवो. बावीस वर्षं हेच करतोय. आज कडी घातली आणि बाहेरून धडाधड थापा! काचेतून पाहिलं तर डॉक्टर, हात जोडून उभे. माझा हात कडीवरच होता. नाही उघडलं. आग लागो त्या नियमाला! मतं समसमान पडली, आणि समसमान म्हणजे नामंजूर.

घरी फक्त ‘पडलं’ एवढंच सांगितलं.

शनिवार, ९ मार्च
जेवण जात नाही. बायको विचारते, काय झालंय. काय सांगू तिला? मीच दार लावलं म्हणून?

सोमवार, ११ मार्च
कँटीनवाल्या बाईंनी आज सहज सांगितलं. घंटा वाजत होती तेव्हा डॉक्टर त्यांच्याकडेच चहा पीत बसले होते. बाईंनी आठवण करून दिली, तर म्हणाले, ‘वाजू दे. थांबली की जातो.’ थांबल्यावर कप ठेवला आणि धावत सुटले.

पेपरात त्यांचा केवढा मोठा फोटो! बंद दारावर थापा मारताना. हरामखोर.

मंगळवार, १२ मार्च
बायकोला सगळं सांगून टाकलं. तिने पेपरातला तो फोटो जवळ ओढून पाहिला. मग म्हणाली, ‘उघडायचं होतंत. सगळ्यांदेखत मत द्यावंच लागलं असतं त्याला.’