चौसष्ट काजांची टोपी

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबरेत लचक भरली आहे, तेव्हा जितकं वाकवलं तितकं गोड मानून घे). तुझी तब्येत कशी आहे? पित्त उठतं का अजून? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? सहा वर्षांत हे विचारायचं राहूनच गेलं. तू विचारलं नाहीस म्हणून मी विचारलं नाही, आणि मी विचारलं नाही म्हणून तूही विचारलं नसशील. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. हिची तक्रार एवढीच की माझं डोकं ठिकाणावर नाही. पूर्वी ती हे नुसतंच म्हणायची, आता तिच्याकडे त्याचे कागद आहेत. ते कागद कुठून आले हेच तुला सविस्तर कळवायचं आहे.

दोन महिन्यांपूर्वी दुकानात एक बाई आल्या. पिशवीतून त्यांनी एक टोपी काढली. पोहायला जाताना घालतात तशी, हनुवटीखाली पट्टा, आणि अंगभर भोकं. मी मोजली, चौसष्ट. म्हणाल्या, अशा टोप्या बाहेरून येतात, वर्षभरात सैल पडतात, तुम्हाला शिवता येतील का? मी विचारलं, एवढी भोकं कशाला, वाऱ्याला? त्या म्हणाल्या, मेंदूला. त्या मेंदूच्या डॉक्टर आहेत म्हणे (औषधं देणाऱ्या नव्हेत, मेंदू काय करतो ते नुसतं बघणाऱ्या. हे हिच्या अजून पचनी पडलेलं नाही. तिने त्यांना तीनदा सर्दीवर गोळी विचारली आहे). प्रत्येक भोकात तार लावलेली एक छोटी चकती बसते, आणि मेंदूत जी बारीकशी वीज खेळते तिची रेष यंत्रावर उमटते. मी म्हटलं, बाई, मला वीज कळत नाही, पण काज कळतं. चौसष्ट काजं करून देतो, एकही उसवणार नाही.

तुला माहीत आहे, काजाच्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही. आठ दिवसांत टोपी तयार. प्रयोगशाळेत पोचवायला गेलो तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोणाच्या तरी डोक्यावर घालून बघायला हवी, तुम्हीच बसता का? तिसरा मजला, लांबलचक बोळ, शेवटी एक बिनखिडकीची खोली, मध्ये न्हाव्याकडे असते तशी खुर्ची. एका भिंतीला काच, पलीकडे त्या आणि त्यांचं यंत्र. त्यांनी एकेका भोकातून केसांत गार, खारट लगदा भरला. मग सांगितलं, हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि जमेल तितकं डोळे मिचकवायचे नाहीत. दादा, ज्या माणसाला आयुष्यात कधी कोणी डोळे मिचकवण्याबद्दल काही बोललेलं नाही, त्याला एकदा हे सांगून बघ. दुसरं काही सुचतच नाही.

पहिलं काम पोरखेळ वाटावा असं होतं. पडद्यावर गोल दिसला की बटण दाबायचं, चौकोन दिसला की दाबायचं नाही. मी गोलाला दाबलं, चौकोनालाही दाबलं, आणि दोन वेळा पडद्यावर काहीच नसतानाही दाबलं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की बटण दाबणं सोपं असतं, न दाबणं कठीण. हाताला थांबवायच्या कामात कपाळामागच्या भागाचा मोठा वाटा असतो, आणि माझ्यात तो हुकूम जरा उशिरा निघत असावा. हात पुढे गेल्यावर. घरी येऊन हे मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर ही म्हणाली, एवढं कळायला चौसष्ट भोकं पडली? सव्वीस वर्षांपूर्वी मला विचारलं असतंत तर मी एकाही भोकाशिवाय सांगितलं असतं.

पण मला ते कपाळ फार सोयीचं वाटलं. दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांची पाटलोण मी चार बोटं आखूड कापली. पूर्वी मी कापडाला दोष दिला असता. आता शांतपणे सांगितलं, मास्तर, यात माझी चूक नाही, कपाळामागच्या भागाची आहे, हुकूम उशिरा निघाला. मास्तर तितक्याच शांतपणे म्हणाले, मग त्या भागाला सांगा नवी शिवायला, मी शनिवारी येतो. तरी मी शहाणा झालो नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाची छाती-कंबर मोजता मोजता डोकंही मोजू लागलो. कोणाला म्हणायचो तुमचा मागचा भाग दांडगा दिसतो, नजर चांगली असणार (यावर एक बाई ब्लाउज न टाकताच निघून गेल्या. त्यांचा मागच्या भागाबद्दल काहीतरी वेगळा समज झाला).

हे डॉक्टरीणबाईंच्या कानावर गेलं. दुसरी टोपी न्यायला आल्या तेव्हा स्टुलावर बसल्या आणि मला विचारलं, मास्टर, हा टाका कोणी घातला? सुईने, दोऱ्याने, पायाने की डोळ्याने? मी म्हटलं, बाई, असं कसं सांगणार, सगळी मिळून घालतात, एकही नसलं तर टाकाच पडायचा नाही. त्या म्हणाल्या, मग कपाळाला एकट्याला का फासावर देता? मेंदूचंही तसंच आहे. दादा, बाई हुशार आहेत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पुढचा प्रयोग नावांचा होता. कानात एकेक नाव ऐकू येणार, काही परक्यांची, काही आपल्या माणसांची, प्रत्येक नाव चाळीस वेळा, उलटसुलट क्रमाने. ओळखीचं नाव आलं की मेंदू तेवढ्यापुरता दचकतो आणि रेष वर उडी मारते, असं त्यांचं म्हणणं. आपल्या माणसांची नावं मला लिहून द्यायला सांगितली. मी हिचं लिहिलं, माझं लिहिलं. मग तुझं लिहिलं (कागदावर तीन ओळी होत्या आणि दोनच भरल्या होत्या, बाकी काही नाही). ही म्हणाली, माझ्या नावाला काय होतं ते मला बघायचंय, आणि काचेपलीकडे येऊन बसली.

प्रयोग झाला. माझ्या स्वतःच्या नावाला रेषेने छान उडी मारली. परक्या नावांना नाही, ते बरोबरच. हिच्या नावाला रेष इस्त्री केल्यासारखी सपाट. ही म्हणाली, म्हणजे माझं नाव ऐकून यांच्या डोक्यात काहीच होत नाही? डॉक्टरीणबाईंनी समजूत घातली की एका माणसाच्या एका दिवसाच्या रेषेवरून असं काही म्हणता येत नाही, चकती सुकली असेल, शिवाय रोजच्या आवाजाला मेंदू सरावतो, आपल्याला घरातल्या घड्याळाची टिकटिक कुठे ऐकू येते? ही एवढंच म्हणाली, घड्याळ. आणि रेषेचे छापील कागद पर्समध्ये कोंबून चालू लागली.

त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. माझ्या मेंदूचा सराव मोडायचा असं तिने ठरवलं. सकाळी चहात मीठ. पलंग दुसऱ्या भिंतीला. कपाटामागे उभं राहून मला संपूर्ण नावाने हाक, आडनावासकट, हजेरी घेतल्यासारखी. एकदा तर दुकानात गिऱ्हाईक बनून आली आणि मला अहो-जाहो करत पडद्यांचा भाव विचारून गेली. मीही माझ्या परीने प्रयत्न केले. तिने हाक मारली की दचकायचं असं ठरवून टाकलं. पण ठरवून दचकणं फार कष्टाचं असतं रे. तीन वेळा मशीनची सुई बोटात गेली, आणि तिसऱ्या वेळी खरोखर ओरडलो तेव्हा ती म्हणाली, आता नाटकं कशाला.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताईंनाच बसवू खुर्चीत. बसवलं. माझं नाव लागलं आणि दादा, काय सांगू, रेष नव्हतीच ती. पान काळं. चाळीसच्या चाळीस वेळा काळं. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर बायकोच्या डोक्यात आपल्या नावाने एवढी वीज खेळते हे पाहून माझा ऊर भरून आला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, हे मेंदूचं नाही, दातांचं आहे. दात करकचून आवळले की जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेला झाकून टाकते. त्यांनी तिला विचारलं, यांचं नाव आलं की तुम्ही दात आवळत होतात का? ही म्हणाली, सवय आहे. आणि त्या दिवसापासून चहात पुन्हा साखर पडू लागली. तिला काय मिळालं ते मला कळलं नाही, पण मी विचारलंही नाही. हात वेळेवर थांबला.

आता राहिलं तुझं नाव. दादा, तुझ्या नावाला माझी रेष डोंगरासारखी वर गेली. माझ्या स्वतःच्या नावाच्या चौपट. डॉक्टरीणबाईंना आधी वाटलं तार निसटली. चाळीस वेळा नाव, चाळीस डोंगर. मी स्वतः पडद्यावर पाहिले.

तुझ्या मुलीच्या लग्नात मी शिवलेल्या तुझ्या कोटाची डावी बाही लांब झाली, आणि तू व्याह्यांसमोर म्हणालास की हा कोट झाडावर राहणाऱ्यासाठी शिवलाय का. मी म्हणालो, बाही लांब नाही, तुझा हात आखूड आहे. हे तू विसरला नसशील, मीही विसरलेलो नाही. त्यावर सहा वर्षं गेली. माझ्या मनात तुझ्याबद्दल काहीच उरलेलं नाही असं तू चुलत्यांजवळ म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं. आता शास्त्रानेच उत्तर दिलं आहे. मी एक शब्द बोललो नाही. माझं डोकं बोललं. मी माझ्याकडून हा पुरावा पाठवला, पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव. मला कशाचीही अपेक्षा नाही.

वहिनींना नमस्कार. मुलीला आणि जावयांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – एक किरकोळ काम होतं, लिहिता लिहिता राहिलं. प्रयोगशाळेने तीस टोप्या सांगितल्या आहेत. सगळ्यात मोठ्या मापाची टोपी घालून बघायला तसं डोकं मिळत नाही. इथल्या सगळ्यांची डोकी बेताची आहेत. तुझं माप माझ्या वहीत आहे, आपल्या घराण्यात एवढं डोकं दुसऱ्या कोणाचं नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणतो आहे. अर्धा दिवस बसावं लागेल. तेवढ्यासाठी येऊन जावंस. डोक्यापुरतंच. हातांचं माप घेणार नाही.

ता. क. २ – खोटं लिहून पाठवायला मन घेत नाही, म्हणून हेही. डॉक्टरीणबाईंनी काल नीट तपासून सांगितलं की ते डोंगर मेंदूचे नव्हते, पापण्यांचे होते. डोळा मिटला की कपाळावरच्या चकतीत तशी उडी येते, आणि असे नमुने शास्त्रात धरत नाहीत. तेव्हा तुझे चाळीसच्या चाळीस बाद झाले. तुझ्या नावाला माझ्या मेंदूत काय होतं याची शास्त्राकडे आजमितीस काहीही नोंद नाही. बाकीच्या नावांना मी घुबडासारखे डोळे उघडे ठेवले होते, याच नावाला दर वेळी का मिटले, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, लगदा डोळ्यांत जात होता.

ता. क. ३ – भावोजी, नमस्कार. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं म्हणून मी लिहिते आहे. लगदा कपाळाच्या खाली आला नव्हता, मी काचेतून बघत होते. डोक्याचं म्हणाल तर आमच्या शेजारच्या बेकरीवाल्याचं डोकं तुमच्यापेक्षा मोठं आहे, आणि तो कधीही बसायला तयार आहे. हे यांना ठाऊक आहे. गुरुवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी या. वहिनींनाही आणा. कोटाचा विषय काढायचा नाही असं मी यांना बजावलं आहे, तुम्हाला वहिनी बजावतील. उत्तर आलं काय, न आलं काय, आपल्याला फरक पडत नाही असं हे सकाळपासून सांगताहेत. टपालवाला गल्लीत दिसला तसे दोनदा बाहेर जाऊन विचारून आले. पत्र अजून माझ्या हातात आहे.